फॅमिली डॉक्टर घडवायचा, तर आधी त्याच्या हाती कुटुंबं द्या

आदरणीय ताई,

मी गोव्यातल्या एका रुग्णालयात मेडिसिनची कन्सल्टंट आहे. आमच्याकडे डीएनबी फॅमिली मेडिसिनच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टर घडवणाऱ्या तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, जागा आल्या आणि समन्वयक म्हणून माझं नाव लागलं. चार रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, आहेत, दोघं गोव्यातली, दोघं बाहेरची. मेडिसिनमधून सर्जरी, सर्जरीतून लहान मुलांचा वॉर्ड, तिथून गायनॅक अशी त्यांची फिरती चालू असते. जातील तिथे ती पाहुणीच. डिस्चार्ज कार्डं लिहायची, रिपोर्ट आणायचे, ड्यूटीची भोकं बुजवायची. हाताने काही करायची वेळ आली की त्या विभागाचा रेसिडेंट पुढे, आमची मुलं मागे. त्यातली सगळ्यात हुशार मुलगी परवा म्हणाली, "मॅडम, मी परत नीट-पीजीच्या प्रवेश परीक्षेला बसते. रेडिओलॉजी मिळाली तर जाईन. घरी विचारतात, तू नक्की कसली डॉक्टर होणार, तर मला सांगता येत नाही." मलाही तिला काही सांगता आलं नाही. मी स्वतः हा विषय शिकलेली नाही. मग या मुलांना काय शिकवू आणि कोणत्या अधिकाराने? आणि त्या मुलीला थांबवू की जाऊ देऊ?

— एक डॉक्टर, फोंडा तालुका

डॉक्टर,

त्या मुलीच्या घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. रोज वॉर्डात तिला सर्जन दिसतो, बालरोगतज्ज्ञ दिसतो, तुम्ही दिसता. फॅमिली डॉक्टर काम करताना मात्र तिला कुठेच पाहायला मिळत नाही. जे डोळ्यांनी पाहिलंच नाही, ते आपण होणार आहोत हे तिने घरी कसं पटवावं?

१९६१ साली आरोग्यसेवेचे अभ्यासक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून एक हिशेब मांडला होता. हजार प्रौढ माणसं घ्या. एका महिन्यात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो एक. आपण डॉक्टर घडवतो ते या एकावर, फार तर त्या नऊ जणांवर. राहिलेल्यांत तापाची पोरं आहेत, साखरेची जुनी माणसं आहेत, पाठदुखी, पाळीच्या तक्रारी, अंगावरचे चट्टे आहेत आणि काय होतंय तेच नीट सांगता येत नाही अशांची मोठी रांग आहे. ती वॉर्डात येत नाहीत. मग तुमच्या मुलांना ती भेटणार कुठे?

वॉर्ड लागतातच, त्याबद्दल माझं दुमत नाही. हार्ट अटॅक जवळून पाहिलेला नसेल तर गावच्या दवाखान्यात तो ओळखता येत नाही. पण तीन वर्षं नुसती वॉर्डांत गेली तर बाहेर पडणारा माणूस निम्मा फिजिशियन, पाव सर्जन आणि पाव बालरोगतज्ज्ञ होतो. तसल्या डॉक्टरची गावाला गरज नाही आणि त्याला स्वतःलाही गावात करमत नाही.

म्हणून सगळ्यात आधी आठवड्यातला एक अर्धा दिवस कायमचा अडवून ठेवा. समजा, बुधवारची दुपार. रेसिडेंट त्या महिन्यात सर्जरीत असो की आयसीयूत, बुधवारी दुपारी तो आपल्या ओपीडीत, ठरलेल्या खोलीत बसेल. त्याच्या नावावर तीसेक कुटुंबं लावून द्या. माणसं सुटी सुटी देऊ नका, अख्खं घर द्या: आजी, तिचा मधुमेहाचा मुलगा, गरोदर सून, दम्याचा नातू. तीन वर्षं ती त्याची माणसं. सून बाळंत होईल, बाळाच्या लसी त्याच खोलीत ठरतील, आजी अंथरुणाला खिळेल आणि कदाचित जाईलही. त्या सगळ्याला तोच डॉक्टर समोर असेल. अमेरिकेत फॅमिली प्रॅक्टिसला १९६९ मध्ये स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून तिथल्या रेसिडेन्सीचा कणा म्हणजे हाच सलग चालणारा दवाखाना. आपल्याकडे तो वेळापत्रकात शेवटी, जागा उरली तर, येतो.

हे कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात पहिली अडचण विभागप्रमुखांकडून येईल: "बुधवारी माझ्या ओटीला माणूस कमी पडतो." त्यांच्याशी दर महिन्याला हुज्जत घालत बसू नका. नवी ड्यूटी यादी लागायच्या आधी वैद्यकीय अधीक्षकांकडून लेखी आदेश काढून घ्या. त्यात मंगळवारची रात्रपाळी या मुलांना लागणार नाही हेही लिहून घ्या, नाहीतर बुधवारी दुपारी खुर्चीत डुलक्या घेणारा डॉक्टर लोकांना दिसेल. दुसरी अडचण केसपेपरच्या खिडकीवर आहे. तिथल्या कारकुनाला कुणी सांगितलंच नसेल तर तो माणसाला मिळेल त्या खोलीत पाठवणार आणि तुमची सगळी योजना त्या खिडकीवरच संपणार. त्याच्याशी स्वतः जाऊन बोला. कुटुंबांच्या केसपेपरांना वेगळ्या रंगाचं कव्हर घाला, घराचे सगळे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या भेटीची तारीख रेसिडेंटच्या नावासह लिहून द्या. माणसं दुसऱ्यांदा त्याच डॉक्टरकडे आपण होऊन यायला लागली की निम्मं काम झालं.

या सलगपणाचा उपयोग नुसता मायेपुरता नाही. नॉर्वेत नागरिकांना आपला ठरलेला डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ राहिलेल्यांचा मृत्यूचा धोका, ज्यांना त्या डॉक्टरकडे जेमतेम वर्ष झालंय त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाला. एखाद्या औषधाने एवढा फरक पडला असता तर कंपन्यांनी आपल्या दारात रांगा लावल्या असत्या.

आता तुमचं काम. बुधवारी तुम्ही त्या ओपीडीत असलं पाहिजे, आणि शेजारच्या खोलीत स्वतःचे रुग्ण तपासत नाही, तर फक्त मुलांसाठी. ही गोष्ट प्रशासनाला पटवणं सगळ्यात जड जाईल, कारण त्यांच्या हिशेबात तुम्ही त्या दुपारी रिकाम्या बसलेल्या दिसता. तरी सोडू नका.

त्या दुपारी करायचं काय, ते एका उदाहरणाने सांगते. समजा, तुमची ती हुशार मुलगी खोलीतून बाहेर येते आणि म्हणते, "मॅडम, डिचोलीकडची ४८ वर्षांची बाई. चार महिने 'आंग दुखता, न्हिद येना' म्हणते. हिमोग्लोबिन अकरा, थायरॉइडची टीएसएच नॉर्मल, साखर नॉर्मल. व्हिटॅमिन डी पाठवू का?"

"पाठव" म्हटलं की अर्ध्या मिनिटात सगळं उरकतं. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना तेच तोंडावर येतं. त्याऐवजी विचारा, "तुला स्वतःला काय वाटतं?"

ती अडखळेल. अडखळू द्या. मग म्हणेल, "डिप्रेशन असावं."

"कशावरून?"

"बोलताना दोनदा डोळे भरून आले. नवऱ्याचा ट्रक दारात उभा आहे म्हणाली, खाण बंद पडल्यापासून. बँकेचे हप्ते थकलेत."

"मग काय विचारायचं राहिलं?"

"जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, ते विचारलं नाही. नवरा दारू पितो का, घरात मारहाण होते का, तेही नाही."

इथे एकच गोष्ट शिकवा, दहा नाही. झोप उडाली, अंग दुखतं, थकवा जात नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मनाचं दुखणं आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारायचं. सगळ्या तपासण्या नॉर्मल येईपर्यंत त्यासाठी थांबायचं नाही. मग तिने काय बरं केलं ते नेमकं सांगा: "ट्रकचं बोलणं तू कानाआड केलं नाहीस, त्यामुळे आजार सापडला." मोघम "छान, छान" नको. आणि काय सुधारायचं तेही तितक्याच स्पष्टपणे सांगा: "हा प्रश्न रक्त काढायच्या आधी यायला हवा होता." मग दोघी मिळून खोलीत परत जा. राहिलेले प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही बाजूला बसा.

हे सगळं पाच मिनिटांत होतं. यातली कुठलीही गोष्ट मी शोधून काढलेली नाही. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये गर्दीच्या ओपीडीसाठी म्हणूनच ही पाच पायऱ्यांची पद्धत लिहून काढली: आधी तिचं मत घ्या, कारण विचारा, एक नियम शिकवा, बरोबर ते सांगा, चुकलं ते सुधारा. पहिल्या काही आठवड्यांत जिवावर येईल, उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटेल. मग अंगवळणी पडतं.

आणि अधूनमधून मुळीच न बोलता खोलीच्या कोपऱ्यात बसून नुसतं पाहा. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकल यांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणं टेप करून तपासली, तेव्हा रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतो असं दिसलं. तुमच्या मुलांचं काय होतंय ते घड्याळाकडे पाहत बसल्यावर कळेल. केस प्रेझेंटेशनमध्ये हे कधीच दिसत नाही. तिथे मुलं सगळा इतिहास घडीव भाषेत मांडतात आणि तो कसा मिळवला हे शिक्षकाला कळत नाही. बाईने नवऱ्यासमोर उत्तर दिलं की नवऱ्याला बाहेर पाठवून? पोट तपासताना तिला झोपवलं की बसल्या बसल्याच हात लावला? जाताना तिला गोळी कधी घ्यायची ते कळलं होतं, की नुसतीच मान हलवली? फॅमिली डॉक्टरचं निम्मं कौशल्य या बारकाव्यांत असतं आणि ते पाहिल्याशिवाय शिकवता येत नाही.

खाणीचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांग्यात किती घरांचे हप्ते थकले हे तुम्हाला मी सांगायला नको. ती माणसं मानसोपचाराच्या ओपीडीत कमी आणि डोकेदुखी, अॅसिडिटी, झोपेच्या गोळ्यांसाठी गावच्या डॉक्टरकडे जास्त आली. या बाबतीत जगाला गोव्याने शिकवलंय, हे मुलांना ठाऊक असायला हवं. पर्वरीच्या 'संगथ' संस्थेने इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत 'मानस' नावाची चाचणी केली. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना तिथे बसवलं. निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: सरकारी केंद्रांतले नैराश्याचे आणि चिंतेचे रुग्ण लक्षणीय सुधारले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही, कारण तिथे नेहमीचे उपचार घेणारेही बऱ्यापैकी सुधारले होते. मी त्याचा अर्थ असा लावते की ओळखीचा डॉक्टर समोर असणं हेच तिथे निम्मं समुपदेशन होतं. तुमचे रेसिडेंट असा डॉक्टर व्हावेत यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

दर महिन्याला एक घरभेट सक्तीची करा. सोबत एएनएम (आरोग्य केंद्राची गावात फिरणारी नर्स) किंवा अंगणवाडी सेविका हवी. तिला त्या वाड्यावरचं प्रत्येक घर ठाऊक असतं, आणि तुमच्या बाहेरच्या दोन मुलांना कोकणी तिच्याइतकी कुणी शिकवणार नाही. आजीला सकाळी चक्कर येते, बीपी तर ठीक आहे, म्हणून रेसिडेंट ओपीडीत बुचकळ्यात पडलेला असतो. घरी गेल्यावर तो "गोळ्या दाखवा" म्हणतो. आजी फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढते. डब्यात तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, अर्ध्या रिकाम्या पट्ट्या, आणि त्यात साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी दोनदा, दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी. एक म्हापशाच्या डॉक्टरने दिलेली, एक आरोग्य केंद्रातून आणलेली. आजी दोन्ही घेते, कारण दोघांनीही "सोडू नका" असं बजावलंय. सकाळी पेज उशिरा होते, तोवर साखर खाली आलेली असते. हे निदान कुठल्याही तपासणीत सापडलं नसतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांत एकाहून जास्त. असले डबे किती फडताळांत असतील याचा अंदाज तुम्हीच करा. आणि त्या घरी बसून रेसिडेंटने ताटातल्या उकड्या भाताची रास डोळ्यांनी पाहिली की 'भात बंद' असं लिहून हात झटकणं त्याला जमणार नाही. किती भात, किती भाजी, मासळी तळून की कालवणातली, यावर त्याला त्या घरच्या बाईशी बोलावंच लागेल.

माणूस कुठून आला, कोणत्या महिन्यात आला, काय काम करतो, हेही मुलांना या मातीत राहूनच शिकायचंय. जुलैत फोंड्याकडच्या शेतात चिखलात राबणारा माणूस ताप, पोटऱ्यांत दुखणं आणि लाल डोळे घेऊन आला तर लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) आधी मनात यायला हवा. त्याचं औषध लवकर सुरू करण्यात फायदा असतो, रिपोर्टची वाट पाहण्यात नाही. तसाच ताप आणि डोकेदुखी घेऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये सत्तरीच्या काजूबागायतीत काम करणारी बाई आली तर गोचिड चावल्याचं विचारायचं, माकडं मेल्याचं विचारायचं. २०१५ पासून सत्तरीत माकडताप पाय रोवून आहे. त्याला खास औषध नाही, पण नमुना वेळेत गेला आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवलं तर जीव वाचतो. काणकोणात मूत्रपिंडाच्या आजाराचं प्रमाण चिंता वाटावी इतकं आहे आणि त्याचं कारण पुरतं सापडलेलं नाही. तिथून आलेल्या माणसाला मूत्रपिंडाला जाचणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्या लिहिताना हात आखडता असला पाहिजे. बाहेरून आलेल्या दोघांना पहिल्या महिन्यातच वाळपई आणि काणकोणच्या आरोग्य केंद्रांत काही दिवस बसवून आणा.

विभागप्रमुखांचं म्हणाल तर त्यांच्याशी भांडू नका. प्रत्येकाला एक पान लिहून द्या: तुमच्याकडून जाताना आमच्या मुलाला हे हे यायला हवं. ते आपण सांगितलंच नाही, तर ते त्याला हमालीला लावणारच. गायनॅकमध्ये सिझेरियनला हुक धरून उभं राहणं नको; गरोदरपणातली तपासणी, धोक्याची लक्षणं, कॉपर-टी बसवणं हवं. सर्जरीत गळू फोडणं, टाके, मधुमेह्याच्या पायाची जखम. त्वचारोगात नायटा, आणि स्टेरॉइडची क्रीमं चोळून बिघडलेला नायटा. डोळ्यांत लाल डोळा. बालरोगात वाढीचा तक्ता. तातडीच्या विभागात छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत काढून वाचणं, कारण हार्ट अटॅकसाठीच्या गोव्यातल्या स्टेमी प्रकल्पामुळे बाहेरच्या केंद्रातून ईसीजी गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, तज्ज्ञांपर्यंत पोचतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देता येतं. ते केंद्र उद्या तुमच्या याच मुलाच्या हाती असणार आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला घरी बिनदुखण्याचं कसं ठेवायचं, हेही कुणाकडून तरी शिकायला पाठवा. ते बहुतेक ठिकाणी राहूनच जातं.

आणखी एक गोष्ट, जी वेळापत्रकात कुणी लिहीत नाही. पंधरवड्यातून एकदा तासभर मुलांना घेऊन बसा. फाइल नाही, स्लाइड नाही. एकाने मनाला लागून राहिलेला एक रुग्ण सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. त्या माणसाचा राग का आला, दया का आली, त्याला टाळावंसं का वाटलं, यावर बोलायचं. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी लंडनमध्ये १९५०च्या दशकात जनरल प्रॅक्टिशनरांबरोबर अशी बैठक सुरू केली आणि ती जगभर रुजली. दारुड्या नवऱ्याला घेऊन दहाव्यांदा आलेल्या बाईवर आपण का खेकसलो, हे एकट्याने घरी नेऊन झोपणं तरुण डॉक्टरला सोसत नाही. या तासात तुम्ही परीक्षक नसता. जे बोललं जाईल ते मूल्यमापनात येणार नाही हे आधीच सांगा आणि पाळा.

आता ती मुलगी. तिला थांबवू नका आणि ढकलूही नका. रेडिओलॉजीला आज पैसा जास्त आहे, मान जास्त आहे, वेळेचं बंधन बरं आहे. हे तिला माहीत आहेच, आपण झाकून ठेवलं तर तिचा आपल्यावरचा विश्वास तेवढा जाईल. फॅमिली मेडिसिनच्या खास पदांची वाट आपल्याकडे अजून कच्ची आहे, तेही खरं. त्याच वेळी हेही खरं की राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये एमबीबीएसनंतरचे दोन वर्षांचे डिप्लोमा सुरू केले त्या आठ विषयांत फॅमिली मेडिसिन आहे, कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात या विषयात एमडी होते, वेल्लोरच्या सीएमसीत त्याचा स्वतंत्र विभाग चालतो. वाट कच्ची असली तरी माणसं तिच्यावरून चालतायत.

तिला दोन आठवडे एखाद्या चांगल्या, जुन्या जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात बसवा. अशी माणसं साखळीत आहेत, पेडण्यात आहेत, तुमच्या फोंड्यातही आहेत. बांबोळीच्या गोमेकॉतून सुटलेला रुग्ण डिस्चार्ज कार्ड घेऊन आधी त्यांच्याच दारात येतो आणि विचारतो, "दोतोर, आतां कितें करूं?" तिथे बसून तिला ते काम आवडलं नाही, तर ती खुशाल रेडिओलॉजीला जाऊ दे आणि तुम्ही तिला मनापासून शुभेच्छा द्या. नावडत्या कामात कोंडलेला फॅमिली डॉक्टर गावाचं नुकसान करतो. फक्त अर्ज भरायच्या आधी सीट सोडण्याचे नियम आणि बंधनं नीट वाचून घ्यायला सांगा. रागाच्या भरात सोडलेल्या सीटमुळे वर्षं वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत. माझा अंदाज विचाराल तर तिला काम नकोसं झालेलं नाही, उपरेपण नकोसं झालंय. तीस कुटुंबं तिच्या नावावर लागली की ते बरंचसं जाईल.

राहिला तुमच्या अधिकाराचा प्रश्न. या विषयात शिकलेले शिक्षक आपल्या देशात अजून थोडे आहेत, त्यामुळे तुमच्यासारख्या फिजिशियनांनीच ही जबाबदारी उचललेली आहे आणि पुढची काही वर्षं तसंच चालेल. निदानाची शिस्त, औषधांचं ज्ञान, धोका ओळखणं हे तुम्ही उत्तम शिकवाल. जे तुमच्याकडे नाही ते गावोगावच्या जनरल प्रॅक्टिशनरांकडे आहे. त्यांना पाहुणे व्याख्याते म्हणून बोलावून शाल-नारळ देऊन पाठवू नका. बुधवारच्या ओपीडीत तुमच्या शेजारची खुर्ची द्या, रीतसर मानधन ठरवा, कारण ते आपला चालता दवाखाना बंद ठेवून येणार आहेत. दोघांपासून सुरुवात करा, आलटून पालटून. शिकवायच्या पाच पायऱ्या त्यांना एका दुपारी समजावून द्या. बोलणं त्यांना आयुष्यभर येतं, विचारून थांबणं शिकावं लागेल. अकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्स ऑफ इंडिया २०१० पासून काम करते. तिच्यातर्फे दुसऱ्या राज्यांतल्या समन्वयकांशी गाठ घालून घ्या. त्यांचेही विभागप्रमुख असेच आहेत, आणि त्यांनी आदेशाचा मजकूर कसा लिहून घेतला ते तुम्हाला आयतं मिळेल.

अधीक्षकांकडे जाताना मागणी एकच ठेवा, बुधवारची दुपार. बाकी सगळं त्यानंतर मागता येईल. आणि त्या भेटीला त्या मुलीलाही बरोबर न्या, कुटुंबांची यादी तिलाच करू द्या.